‘पार्टी कधी?’ : सहकाऱ्यांना जेवू घालण्याची रीत

बढती, घराचा ताबा, मुलीचा बारावीचा निकाल, नवी गाडी किंवा नुसता वाढदिवस, यांपैकी कोणतेही निमित्त घडले की मराठी माणसाच्या कामाच्या ठिकाणी अभिनंदनाच्या आधी जो प्रश्न ऐकू येतो तो ‘पार्टी कधी?’ हा होय. या प्रश्नातून सुरू होणाऱ्या व्यवहाराला, म्हणजे एकाने आपल्या खर्चाने सहकाऱ्यांना खाऊ घालणे आणि त्यांनी ते खाऊन कोणत्या तरी रूपाने कृतज्ञता पोचती करणे या क्रियेला, मराठीत एकच एक नाव नाही. पेढे वाटणे, चहा पाजणे, पार्टी देणे, अल्पोपाहार, स्नेहभोजन, श्रमपरिहार असे शब्द प्रसंग आणि खर्च पाहून वापरले जातात, आणि या प्रत्येक शब्दाबरोबर कोणी द्यावे, कोणी मागावे आणि कोणी गप्प बसावे याचे अलिखित नियमही बदलतात. हे नियम कोणी शिकवत नाही. तरी ते मोडणारा माणूस कार्यालयात वर्षानुवर्षे लक्षात ठेवला जातो, यावरून त्यांचे वजन कळते.

खाण्याची मागणी उघडपणे करणे हे वरवर पाहता असभ्य वाटते, कारण घरगुती पाहुणचारात पाहुण्याने काही मागणे हा मराठी रीतीप्रमाणे उणेपणा मानला जातो. परंतु कार्यालयातली मागणी निराळ्या जातीची असते. ज्याला बढती मिळाली त्याने ती आपल्या तोंडाने सांगितली तर बढाई होते आणि लपवली तर तुटकपणा होतो. या कोंडीतून त्याला सोडवण्याचे काम ‘पार्टी कधी?’ हा प्रश्न करतो, कारण त्यामुळे आनंदाची बातमी दुसऱ्याच्या तोंडून जाहीर होते आणि यजमानाला केवळ ‘अहो, देऊ की’ एवढेच म्हणावे लागते. म्हणजे ही मागणी हेच अभिनंदन असते. मात्र ठिकाण आणि पदार्थही मागणारेच ठरवू लागले, किंवा यजमानाच्या घरची अडचण ठाऊक असूनही तगादा चालू राहिला, की अभिनंदनाची खंडणी होते. निमित्त आपले, आग्रह इतरांचा आणि आकार पुन्हा आपला, ही वाटणी जिथे पाळली जाते तिथे या प्रथेबद्दल सहसा तक्रार ऐकू येत नाही.

निमित्तांची यादी मात्र निरागस नाही. महाराष्ट्रात मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी वाटण्याची जी रीत पडली, ती कार्यालयातही आली, आणि खोक्याच्या झाकणाखाली काय आहे हे पाहून बातमी ओळखण्याची सवय सुशिक्षितांनीही बिनदिक्कत जोपासली. अलीकडे मुलीच्या जन्माला मुद्दाम पेढे वाटणारे पालक दिसतात, ही या शिष्टाचारात झालेली एक चांगली दुरुस्ती म्हटली पाहिजे.

सोबत काम करणाऱ्याला जेवू घालण्याचे मूळ शोधायचे तर कार्यालयापेक्षा शेतात जावे लागते. एखाद्या शेतकऱ्याचे नांगरणीचे किंवा खुरपणीचे काम एकट्याच्याने उरकणारे नसेल तेव्हा तो आसपासच्या शेतकऱ्यांना त्यांच्या बैल-औतांसह एका दिवसासाठी बोलावतो, सगळे मिळून ते काम संपवतात, आणि मजुरी म्हणून कोणीही पैसा घेत नाही. त्याऐवजी बोलावणारा सर्वांना चांगले जेवण घालतो. या प्रथेला इर्जिक म्हणतात. तिच्या शेजारची प्रथा म्हणजे सावड, जिच्यात आज तुमच्या शेतात आमचे हात आणि उद्या आमच्या शेतात तुमचे, असा श्रमाचा बदला श्रमाने होतो. दोहोंतला भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे, कारण सावडीत देणे शिल्लक राहते आणि ते फेडावे लागते, तर इर्जिकीत जेवणाने त्या दिवसाचा हिशेब त्याच दिवशी मिटवता येतो. म्हणूनच ते जेवण साधे असून चालत नाही. पुरणपोळी असो की मटणाचा रस्सा, रोजच्या भाकरीपेक्षा ते वरचढ असावे लागते, आणि वाढताना हात आखडणाऱ्याच्या शेतावर पुढच्या साली औते येताना विचार करतात.

बैलपोळ्यालाही याच दृष्टीने पाहता येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावून तो शेकला जातो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण, म्हणजे आमंत्रण, त्याला माणसासारखे तोंडी दिले जाते, आणि सणाच्या दिवशी औताला न जुंपता त्याला पुरणपोळी खाऊ घातली जाते. ज्याला ‘आभारी आहे’ हे शब्द ऐकून काही कळणार नाही अशा सोबत्याविषयीची कृतज्ञता इथे खांद्यावरच्या हाताने, सुट्टीने आणि गोडाच्या घासाने व्यक्त होते. सहकाऱ्याचे ऋण मानण्याची याहून पूर्ण रीत मराठी मुलखात शोधून सापडणे कठीण.

शहरात इर्जिकीची जागा श्रमपरिहाराने घेतली. परिहार म्हणजे दूर करणे, तेव्हा श्रमपरिहार म्हणजे शीण घालवणे. गणेशोत्सव, नाटकाचे प्रयोग, संमेलन किंवा निवडणूक पार पडल्यावर राबलेल्या कार्यकर्त्यांना जे जेवण दिले जाते त्याला हे नाव आहे. या शब्दात आभार मानणारा कोणी नाही आणि घेणाराही कोणी नाही, फक्त शीण आहे आणि तो घालवायचा आहे, त्यामुळे ते जेवण कोणालाही उपकाराचे वाटत नाही. मराठीने घडवलेल्या अतिशय सभ्य शब्दांपैकी हा एक आहे.

उपकाराचा हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 साली प्रसिद्ध झालेल्या देणगीविषयीच्या आपल्या निबंधात असे दाखवले की, दान वरकरणी ऐच्छिक दिसले तरी त्यामागे देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत देण्याचे अशी तीन बंधने असतात, आणि परत देऊ न शकणारा देणाऱ्याच्या तुलनेत खाली उतरतो. या खाली उतरण्याला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे मिंधेपणा. मिंधा म्हणजे उपकाराच्या ओझ्यामुळे ज्याला स्पष्ट बोलता येत नाही असा माणूस. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार निष्ठेची स्तुती करतो, पण ज्या कार्यालयात दोन माणसांनी एकमेकांचे हिशेब तपासायचे असतात तिथे तीच निष्ठा अडचण होते. तेव्हा सहकाऱ्याला जेवू घालण्याचा सगळा शिष्टाचार एका वाक्यात मांडायचा तर, समोरच्याचे पोट भरावे पण तो मिंधा होऊ नये, यासाठी केलेली ती खटपट आहे.

ही खटपट सर्वांत स्पष्ट दिसते ती उडुपी हॉटेलातल्या टेबलाशी. सहा जण बसलेले असतात, वेटर ओला फडका फिरवून पाण्याचे पेले ठेवतो, आणि काय मागवायचे हे विचारताच क्षणभर कोणीच बोलत नाही, कारण प्रत्येक जण यजमान काय मागवतो याची वाट पाहत असतो. यजमानाने ‘मला इडली’ म्हटले की टेबलाची मर्यादा ठरते. साधा डोसा चालतो, पण पनीरची भाजी आणि नान मागवणारा त्यानंतर संकोचतो. ‘ज्याला जे पाहिजे ते घ्या’ या वाक्याने हा संकोच जात नाही, हे मुरलेल्या यजमानाला ठाऊक असते, म्हणून तो स्वतः एखादा महागातला पदार्थ आधी सांगतो किंवा सगळ्यांसाठी मधे ठेवायला दोन बशा मागवतो आणि मगच पथ्याचे निमित्त काढून आपल्यासाठी इडली घेतो. पाहुण्याच्या बाजूनेही एक कर्तव्य असते. अगदीच चहावर भागवणारा पाहुणा नम्र वाटतो खरा, पण तो यजमानाचा हात अपुरा ठरवत असतो. मोजके पण आवडीने खाणारा पाहुणाच बरा.

पुढचा अंक बिलाचा. बडीशेपेच्या वाटीसोबत बिल येते तेव्हा ज्याची पार्टी आहे तोच ते देणार हे सर्वांना माहीत असते, तरीही दोघेतिघे खिशाकडे हात नेतात, ‘अहो राहू द्या, मी देतो’ असे म्हणतात आणि यजमान ‘आज माझं आहे’ म्हणून ते बिल ओढून घेतो. ही झटापट खोटी असली तरी निरुपयोगी नाही, कारण आम्ही देऊ शकत होतो पण तुमचा मान राखला, हे तीतून सांगितले जाते आणि मिंधेपणाचा काटा तिथेच बोथट होतो. नेमके बिल येतानाच हात धुवायला उठणारा सहकारी प्रत्येक कार्यालयात असतो. त्याच्याविषयी कोणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी सगळे त्याच्या उठण्याची वाट पाहतात. यजमानाने बिलाचा आकडा मोठ्याने वाचू नये, वेटरसाठी ठेवलेली बक्षिशी मोजून दाखवू नये आणि नंतर कोणत्याही भांडणात त्या जेवणाचा उल्लेख करू नये, हे नियम यजमानासाठी. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, द्यायचे ते श्रद्धेने द्यावे असे सांगताना, लाजून द्यावे असेही सांगितले आहे. बिलाची घडी करून ती टेबलावर न उघडणाऱ्या माणसाने ते वाचलेले नसले तरी आचरलेले असते.

याच्या उलट टोकाला टीटीएमएम, म्हणजे ‘तुझं तू, माझं मी’, ही रीत आहे. विद्यार्थ्यांच्या आणि तरुण नोकरदारांच्या बोलीतून ती आली, आणि 2016 पासून यूपीआयची सोय झाल्यावर, सुट्ट्या पैशांची अडचण संपून, प्रत्येकाने आपापल्या वाट्याची रक्कम फोनवरून पाठवणे अगदी सोपे झाले. जुन्या पिढीला तीत कोरडेपणा दिसतो. तो आरोप पूर्ण खरा नाही. रोज एकत्र जेवणाऱ्या, पण पगारात मोठे अंतर असलेल्या माणसांत टीटीएमएम ही सर्वांत न्याय्य व्यवस्था ठरते, कारण कमी पगाराच्या माणसाला आपली पाळी कधी येईल या धास्तीने जेवावे लागत नाही. मात्र ज्याने ‘चला, आज माझ्याकडून’ असे म्हणून नेले, त्याने घरी पोचल्यावर वाट्याची रक्कम कळवणे हा शिष्टाचाराचा भंग तर आहेच, शिवाय तो दिलेल्या शब्दाचाही भंग आहे.

जेवणानंतर आभार कसे मानायचे, हा मराठी माणसाला नेहमी अवघड जाणारा भाग आहे. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन करणारी हीच माणसे जवळच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणताना अडखळतात, कारण आभार मानले की अंतर पडते अशी समजूत आहे, आणि ‘आभार कसले मानता?’ हे उत्तर त्या समजुतीतूनच येते. पंगतीत यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत असे आणि जेवून उठणारा ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणत असे. या दोन वाक्यांत देणे-घेणे पुरे होई. कार्यालयात ही वाक्ये शोभत नाहीत, म्हणून तिथे कृतज्ञता आडवाटेने जाते. ‘डोसा कुरकुरीत होता हो’ अशी पदार्थाची स्तुती, ‘पुढच्या वेळी आमच्याकडून’ असा वायदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसमक्ष ‘काल पोट भरून जेवलो’ असे सांगणे, ही तिची रूपे होत. यांतले तिसरे रूप सर्वांत मोलाचे, कारण ते यजमानाला चारचौघांत श्रेय देते.

डब्याच्या बाबतीत तर आभाराचा पत्ताच बदलतो. दुपारच्या सुट्टीत टेबलावर डबे उघडले की पहिली गोष्ट होते ती अशी की, कोणी तरी डब्याचे झाकण उलटे करून त्यात भाजीचा वाटा काढतो आणि ते मधे सरकवतो. मग मेथी, वांगे, उसळ, ठेचा, लिंबाच्या लोणच्याची फोड असे झाकणावर जमा होते, आणि ज्याचे झाकण सर्वांत आधी रिकामे झाले त्याच्या चेहऱ्यावर न बोललेले समाधान दिसते. हे रोजचे जेवू घालणे कोणत्याही पार्टीपेक्षा जुने आणि मोठे आहे. तिथे मिळणारी पावती ‘वहिनींना सांगा, भाजी फार छान झाली होती’ अशी असते; म्हणजे देणाऱ्याला वगळून ती रांधणाऱ्या हाताकडे पाठवली जाते, आणि हे औचित्य मान्यच करावे लागेल. एवढेच की, एखाद्या बाईच्या डब्याची भाजी उत्तम झाली म्हणून ‘तुमच्या यजमानांना सांगा’ असे म्हटले गेल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते.

गिरणगावात, म्हणजे मध्य मुंबईच्या कापड गिरण्यांच्या वस्तीत, जे कामगार गावी कुटुंब ठेवून एकटे राहत, त्यांचा हा डबा खानावळीच्या ताटात होता. खानावळ चालवणाऱ्या बाया महिन्याच्या बोलीवर जेवण देत, न जेवलेल्या दिवसांचा खाडा मांडला जाई आणि रविवारी दुपारच्या गोडाधोडाच्या ताटाला फीस्ट म्हणत. गिरण्या बंद पडल्या की याच बायांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. या बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत नेले. सहकाऱ्यांच्या जेवणावर लिहिताना या बायांचा उल्लेख टाळणे म्हणजे खाल्लेले विसरणे होय.

कोणाबरोबर जेवायचे हा प्रश्न मात्र महाराष्ट्रात केवळ खर्चाचा कधीच नव्हता. 1890 साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर आलेल्या चहा-बिस्किटांवरून शहरातल्या नामवंतांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या नियमभंगाचा खटला, उभे राहिले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या दोघांनाही अखेर प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. याच्या उलट बाजूला कोल्हापूर आहे. संस्थानच्या नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला साह्य केले, आणि एवढ्यावर न थांबता ते स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पीत व बरोबरच्या मंडळींनाही पाजत. बरोबरची मंडळी म्हणजे महाराजांचे नोकरच. त्या कपाला नकार देणे त्यांना शक्य नव्हते. अधिकाराचा इतका चांगला उपयोग पुढच्या काळातल्या फार थोड्या साहेबांना जमला.

आजच्या कार्यालयात सोवळे उघड राहिलेले नाही, पण ‘आमच्यात चालत नाही’ या तीन शब्दांत ते दडून बसते. यजमानाचे काम एवढेच की, चतुर्थी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, रमजानचे रोजे आणि पर्युषण हे दिवस पार्टी ठरवण्याआधी दिनदर्शिकेत पाहावेत, कांदा-लसूण न खाणाऱ्यासाठी आणि सामिष खाणाऱ्यासाठी सारख्याच आस्थेने काही तरी मागवावे, आणि कोण काय खातो यावर टेबलावर चर्चा होऊ देऊ नये. उपवास असलेल्याला साबुदाण्याची खिचडी आठवणीने मागवणारा यजमान वाखाणला जातो. मासे खाणाऱ्या सहकाऱ्याला डबा दूर कोपऱ्यात उघडायला लावणारे त्याच कार्यालयात असतात, आणि ही दोन्ही माणसे पुष्कळदा एकच असतात.

कंपनीच्या पैशाने होणाऱ्या जेवणांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत ‘टीम लंच’ हा माणशी ठरलेल्या रकमेचा खर्च असतो. तो कंपनीचा आहे हे सांगून टाकावे, ‘माझ्याकडून’ म्हणून त्याचे श्रेय घेऊ नये, इतके पाळले की पुरे. खरी कसोटी ज्यांना बोलावलेच जात नाही त्यांच्यापाशी लागते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली, पण एका छपराखाली जेवणे आणि एका पंगतीत बसणे यांत अंतर असते. कंत्राटी सफाई कामगार, दारावरचा पहारेकरी आणि चहा आणणारा पोऱ्या हे त्याच इमारतीत तेवढेच तास काढतात; तरी पार्टीच्या वेळी ‘आपली माणसं’ मोजताना ते मोजले जात नाहीत. पेढ्यांचे खोके टेबलाटेबलांवरून फिरवतो तो शिपाई, आणि ते परत येते तेव्हा तळाच्या कागदावर पेढ्याचा चुरा आणि पिस्त्याचे दोन कण राहिलेले असतात. समजदार माणूस त्याच्या हाती खोके देण्यापूर्वी पहिला पेढा त्याला देतो.

सरकारी नोकरीत या शिष्टाचाराचा काही भाग लेखी आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांच्या 13 व्या नियमाप्रमाणे प्रासंगिक जेवण किंवा साधा पाहुणचार ही भेटवस्तू मानली जात नाही. मात्र ज्यांचे काम आपल्या टेबलावर येते त्यांच्याकडचा थाटाचा किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा, असे तिथेच बजावले आहे. 14 वा नियम निरोप समारंभाविषयी आहे. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा समारंभ त्याला मंजूर आहे. पण वर्गणीसाठी कोणावरही दबाव आणण्यास त्याखालच्या टिपेत मनाई आहे, आणि वरच्या गटातल्या अधिकाऱ्याच्या मेजवानीसाठी गट क आणि गट ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून, म्हणजे कारकून, वाहनचालक, शिपाई यांच्याकडून, कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करता येत नाही. इर्जिकीतही जेवण घालतो तो ज्याचे शेत नांगरले गेले तो. नांगरणाऱ्यांकडून धान्य मागून कोणी त्यांनाच जेवू घालत नाही.

साहेबांच्या निरोपाची यादी फुलस्केप कागदावर पेन्सिलीने आखली जाते, नावापुढे रक्कम आणि रकमेपुढे सही असे रकाने पाडले जातात, आणि ती टेबलाटेबलांवरून फिरवण्याचे काम बहुधा शिपायाकडेच येते. त्याचे नाव सर्वांत खाली असते आणि पुढे लहानसा आकडा असतो. नियमाप्रमाणे ते नाव त्या यादीत येताच कामा नये.